बुढी गाण्यात सापडेना

मी आणि माझी सून सकाळी एकाच बसनं केळझरहून वर्धेला जातो. ती कचेरीत बाबू आहे, मी गादीच्या दुकानात गाद्या शिवतो. या वयात कशाला जाता म्हणून लोक विचारतात. घरी बसून भिंत पाहण्यापेक्षा रुईत बसलेलं बरं, एवढंच माझं उत्तर. बुढी गेल्यापासून तर मी सुट्टीच घेतली नाही. बुढी म्हणजे माझी बायको. तिला मी तोंडावरही बुढीच म्हणायचो अन् ती मला बुढा. लग्नाला दोन-चार वर्षं झाली तेव्हापासूनच म्हणायला लागलो होतो, तेव्हा दोघंही बुढे नव्हतो.

सून बसमध्ये बसली की कानात दोन पांढरी बोंडं घालते. नुकत्याच फुटलेल्या कपाशीच्या बोंडाएवढी असतात, वायर नाही, काही नाही. त्यात ती कचेरीच्या परीक्षेचे धडे ऐकते. आधी मला वाटायचं, सासऱ्याशी बोलायला नको म्हणून घालते. मी तोंडानं काही बोललो नव्हतो, पण माझं तोंड मला लपवता येत नाही. एक दिवस तिनं एक बोंड काढलं अन् माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "मामाजी, हे तुमच्यासाठी नाई घालत. मांगं ते रिटायर मास्तर बसते न, रोज त्याच्या पोराचं लग्न कसं झालं ते सांगते. त्याच्यासाठी घालतो."

मी मागं पाहिलं. मास्तर दुसऱ्या कोणाला तरी तेच लग्न सांगत होता. तेव्हापासून माझा राग गेला.

आता मला स्वतःला हे कानातलं कशापायी लागलं, ते सांगतो.

बुढी विहारातल्या महिला मंडळात होती. पौर्णिमा असली, जयंती असली की वस्तीतल्या बाया विहारात बसून गाणी म्हणत. ढोलकी एकीकडे, झांजा दुसरीकडे, बाकीच्या टाळ्या वाजवून. गाणीही त्यांनीच जुळवलेली. ती जायच्या आधीच्या वैशाख पौर्णिमेला मंडळातल्या एका पोरीनं आपला फोन सतरंजीवर ठेवून सगळा कार्यक्रम भरून घेतला होता. बुढी गेल्यावर सुनेनं तो तिच्याकडून मागून आणला अन् माझ्या फोनात टाकला. मी मागितला नव्हता. तिचं तिलाच सुचलं.

जेवता जेवता तिनं तो लावला. माझा लेक बुटीबोरीला कंपनीत कामाला आहे, तो नुकताच येऊन जेवायला बसला होता. पहिली ढोलकी वाजली अन् त्यानं हातातला घास ताटात ठेवला. उठला, अंगणात गेला अन् मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. सुनेनं बंद केलं. त्यानंतर आमच्या घरात ते वाजलं नाही. मी त्याला चूक म्हणत नाही. त्याची माय होती. त्याला आत्ता ऐकायचं नव्हतं, मला आत्ताच ऐकायचं होतं. एका घरात दोन्ही कसं होणार?

दुकानात लावावं तर तिथं रुई पिंजायची मशीन. दिवसभर तिच्या बाजूला बसून बसून माझा उजवा कान अर्धा गेलेला आहे. माणूस उजवीकडून बोलला तर मी मान फिरवून डावा कान त्याच्याकडे करतो. लोकांना वाटतं, बुढ्याला बोलायचं नाही.

उरली बस. येता-जाता तेवढाच माझा वेळ. पण बसमध्ये फोन कानाला लावला तर इंजिनाचा आवाज अन् खिडक्यांची खडखड. त्यात बाया कुठं, ढोलकी कुठं, काही समजेना.

मी सुनेला म्हटलं, "मले बी तसं कानात घालाचं काही पाय. पण एक सांगतो, गाणं नाई आलं तरी चालते, बुढीचा आवाज आला पाहिजे."

कारण तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. लग्नातले, बारशातले फोटो आहेत, पायजे तेवढे. फोनवर ती लेकीशी, बहिणीशी तास तास बोलायची, पण ते कोण भरून ठेवते? आपल्या घरातला माणूस रोजच बोलते, त्याचा आवाज ठेवून घ्यावा असं सुचत नाही. तेवढी एक विहारातली भरणी, बस. त्यात ती असली पाहिजे.

पहिले सुनेनं आपलीच बोंडं माझ्या कानात घालून पाहिली. माझे कान मोठे, वरून म्हातारपणानं सैल झालेले. डावं बसलं. उजवं बसल्यासारखं वाटलं, पण सेलूच्या अलीकडे बस खड्ड्यात गेली अन् ते टुणकन उडून सीटखाली. मी वाकायला गेलो तर ते गडगडत मागं. सुनेनं हळू आवाजात वाहकाला सांगितलं की सासऱ्याचं कानातलं पडलं. ते बाजूच्या बाईनं ऐकलं, तिनं मागच्या बाईला सांगितलं, अन् अर्धी बस सीटखाली डोकं घालून सोनं शोधायला लागली. बाया इतक्या मन लावून शोधत होत्या की मला सांगायची लाज वाटली. शेवटी एका बाईला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, पिशवीजवळ ते सापडलं. तिनं हातात घेऊन पाहिलं अन् म्हणाली, "हे होय? मले वाटलं बुढा कानात सोन्याचं काही घालते म्हणून."

"कानातच घालते न बाई," मी म्हटलं.

सुनेनं ओढणीनं पुसून ते डबीत ठेवलं. म्हणाली, तुमच्यासाठी वायरचं घेऊ, पडलं तरी लटकून राहील.

वायरचं मीच घेतलं, बसस्टँडबाहेरच्या गाडीवर. तिथं झुपक्यानं लटकवून ठेवलेले असतात, लाल, निळे, हिरवे. गाडीवाल्यानं माझ्या कानात घालून एक सिनेमाचं गाणं लावलं. धप धप धप धप. म्हणाला, आजोबा, बास पाहा कसा हाय.

मी म्हटलं, "मले बास नाई पाहिजे, बाईचा आवाज पाहिजे."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. बाजूचा चहावाला हसला. मी आणखी काही समजावलं नाही, घेतलं अन् बसमध्ये बसलो. बुढीची भरणी लावली. तर ढोलकी अशी वाजायला लागली जशी कोणी माझ्या डोक्याच्या आत बसून वाजवते. बाया सगळ्या ढोलकीच्या मागं, लांब, जशा नाल्यापलीकडे उभ्या राहून गातात. दात दुखेपर्यंत ऐकलं. वर्धा यायच्या आत काढून खिशात टाकलं. ते आता नातवंडाच्या खेळण्यात आहे.

मग एक दिवस घरी आलो तर माझ्या खाटेवर एक मोठा डबा. लेकानं आणून ठेवला होता. तोंडानं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. आमच्याकडे बापलेकांचं असंच चालते, बोलायचं काम बुढी करायची. डब्यात ते मोठे, दोन्ही कान झाकून टाकणारे, डोक्यावरून पट्टा असलेले. मऊ गादी लावलेली होती कानाभोवती. गादी मी लगेच दाबून पाहिली, सवयीनं. आतलं भरण चांगलं होतं, टाके मशीनचे.

सुनेनं सांगितलं की हे बाहेरचा आवाज खाऊन टाकते. मला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्धेहून परत येताना टोपी काढली अन् ते डोक्यावर चढवलं. सून त्या दिवशी कचेरीत उशिरापर्यंत थांबणार होती, मी एकटाच होतो. बटण दाबलं अन् बस गेली. म्हणजे बस होती, हलत होती, पण इंजिन नाही, खिडक्या नाही, माणसं तोंड हलवून राह्यली पण शब्द नाही. मला जरा भ्यावच वाटलं. मग भरणी लावली.

आता मात्र एकेक बाई वेगळी झाली. पुढं गाणारी ती बांगड्या विकणारी, तिचा आवाज पत्र्यावर नख ओढल्यासारखा, पण सुरात. तिच्या मागं अंगणवाडीतली, तिला दम पुरत नाही, ती ओळीच्या शेवटी आधीच थांबते. दोघी जावा, त्या एकसारख्याच गातात, घरी भांडल्या तरी. एक नवी सून, लाजत लाजत. एक म्हातारी, जी प्रत्येक ओळ सगळ्यांच्या मागून म्हणते. मी डोळे मिटून एकेकीला बाजूला काढलं, जसं आपण रुईतून सरकी काढतो. सगळ्या निघाल्या. बुढी निघाली नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा एकेकीला बाजूला केलं. मग तिसऱ्यांदा. माझ्या बुढीचा आवाज मी ओळखणार नाही असं होऊ शकत नाही. तो यात नव्हता.

खांद्यावर हात पडला तेव्हा डोळे उघडले. वाहक होता. त्याचं तोंड हलत होतं. मी ते डोक्यावरचं काढलं तर तो म्हणत होता, बाबा, केळझर मागं गेलं, मी चार वेळा ओरडलो. पुढच्या फाट्यावर त्यानं मला उतरवून दिलं. मी लेकाला फोन केला. तो बुटीबोरीहून त्याच रस्त्यानं घरी येत होता.

त्यानं गाडी थांबवली तेव्हा मी पुलाच्या कठड्यावर बसलो होतो, डब्यातली ती वस्तू मांडीवर घेऊन.

"बाबा, उतरले काऊन नाई?"

"आयकू आलं नाई."

तो हसला. म्हणाला, म्हणजे चांगली हाय वस्तू. मग माझं तोंड पाहून त्यानं गाडीला किक मारली. मी मागं बसलो. त्यानं मन लावून आणलेली वस्तू होती अन् तिनं काम बरोबर केलं होतं. चूक तिची नव्हती. आधी निदान मला वाटत होतं की बुढी आत आहे, फक्त आवाजात दबली आहे. आता तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मी सुनेच्या हाताला हात लावला. तिनं दोन्ही बोंडं काढली.

"बुढी त्याच्यात नाईच," मी म्हटलं.

"मामाजी, नीट आयकलं?"

"तीनदा आयकलं. सगळ्या हायेत, तेच नाई."

मला तिचंच वाईट वाटायला लागलं. कोणी न सांगता तिनं ते मागून आणलं होतं, मला द्यायला, अन् मी तिला सांगून राह्यलो की त्यात काही नाही. मागं मास्तरचं लग्न चालू होतं, तरी तिनं बोंडं पुन्हा घातली नाही. मग म्हणाली, "असं कसं होईन? मी तिथंच होतो न. आई सगळ्याइच्या मधात, ढोलकीच्या बाजूले बसल्या होत्या, मी माह्या डोयानं पाह्यलं."

मी विहारात आत नसायचो. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही माणसं बाहेरच, मांडव पाहा, पाणी पाहा. बाया आत गात, आम्हाला भोंग्यातून ऐकू येई, अन् भोंग्याचा माइक पुढच्या गाणारणीच्या तोंडापुढं. बुढी घरी येऊन सांगायची, आज गाणं चांगलं जमलं. मी म्हणायचो, हाव. ती गात असेल असंच मी धरून चाललो होतो. मंडळात बाई जाते तर गायलाच जाते.

रविवारी सून मला बांगड्यावालीच्या घरी घेऊन गेली. ती ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं आम्हाला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. सुनेनं सगळं सांगितलं, की मामाजीनं कानातलं किती किती आणून ऐकलं, सगळ्यांचे आवाज ओळखले, आईचा नाही लागला.

बांगड्यावाली शेंग हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या बुढीले सूर कधी लागला होता काय?"

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"ते गायला लागली का सगळं मंडळ तिच्या मांगं वाहून जाये. म्हणून आम्हीच तिले गाऊ देत नव्हतो. तिले राग बी नाई आला. म्हणे, मले गाऊ नका देऊ, पण मी जाणार नाई, मी ओळ सांगतो. आता माह्यं असं, मले गाणे पाठ राहत नाई, वही धरली तं चष्म्यातून दिसत नाई. तिले सगळे पाठ. ते माह्या बाजूले बसे अन् गाण्याच्या मधात सांगे. पुढची ओळ कोणती, किती वेळा म्हणाची, कवा थांबाचं. माह्या मांडीवर तिचा हात राहे. एक चापट म्हणजे हळू, दोन म्हणजे चढव. ते गेल्यापासून आमचं एक गाणं धड होत नाई, भाऊजी. सगळ्या कुठं कुठं पोहोचतो."

"अन् घरी तं मले म्हणे, गाऊन आली," मी म्हटलं.

"घरी तं तसंच सांगन न. तुम्हाले काऊन सांगन का मले गप केलं?"

मला हसू आलं. आधी बारीक आलं, मग ते थांबेना. सून माझ्या पाठीवर हात फिरवायला लागली, तिला वाटलं मी रडून राह्यलो. थोडं तेही असेल. पण हसत होतो हे खरं. आयुष्यभर घरात जे केलं तेच तिनं विहारात केलं. भाजीत मीठ कधी, लेकाला शाळेत कधी, गादीवाल्याला पगार कधी मागायचा, सगळं आधी सांगायचं अन् करायचं दुसऱ्यानं. मी तिला गाण्यात शोधत होतो, अन् गाण्यात ती कशाला जाईल?

घरी सुनेनं लेकाला हे सांगितलं. मी आतून ऐकत होतो. तो म्हणाला, "आईचा सूर? लहानपणी ते मले झोपवाले गाये तं माही झोप उडे." अन् दोघं हसले. ती गेल्यापासून त्यानं तिचं नाव काढून असं काही बोलावं, हे पहिल्यांदाच झालं.

आता काम बदललं होतं. गाणं ऐकायचं नव्हतं, गाण्याच्या खालचं बोलणं ऐकायचं होतं. ते मोठे पुन्हा डोक्यावर घालून पाहिले. आता कुठं शोधायचं ते समजल्यामुळे काहीतरी पुटपुट लागली, ओळीच्या आधी, ढोलकीच्या आडून. आवाज होता, शब्द नव्हते. अन् ते घालून रोज प्रवास करणं मला जमणारं नव्हतं. एक तर घामानं कान भिजून जायचे, दुसरं म्हणजे मला रोज पुढच्या फाट्यावरून कोण आणणार? अन् बसमधली माणसंही मला सोडून दिल्यासारखी वागायला लागली होती. एका शेजाऱ्यानं दोनदा मला राम राम केला, मग जयभीम केला, मी कशालाच उत्तर दिलं नाही. तो बोलणं बंद करायच्या बेतात होता.

म्हणून दुपारच्या सुट्टीत मी अन् सून वर्धेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्यानं विचारलं, बाबा, काय ऐकता? मी फोनच त्याच्या हातात दिला. म्हटलं, हे ऐकतो, अन् ह्याच्यात एक बाई हळू बोलते, गात नाही, बोलते, तेवढी ऐकायची आहे. त्यानं स्वतःच्या कानाला लावून बराच वेळ ऐकलं. गिऱ्हाईक आलं त्याला थांब म्हटलं. मग सांगितलं की आजकाल बहुतेक वस्तू गाण्यासाठी बनवतात, त्यात ढोल पुढं येतो अन् माणूस मागं जातो. फोनवर बोलणाऱ्यांसाठी जे साधं बनवतात, त्यात माणसाचा आवाज पुढं असतो. भपका कमी, पण बोलणं साफ. तुम्हाला तसलं पाहिजे.

त्यानं चार-पाच डबे काढले. प्रत्येकावर मी तोच एक तुकडा लावला, दुसऱ्या गाण्याच्या आधीचा. एकात सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. एकात झांजा कानात टोचायच्या. एक कडक प्लास्टिकचं, कानात राहीच ना. मग एक वायरचं, काळं, रबरी टोकाचं. सोबत लहान, मधलं, मोठं, अशी टोकं. दुकानदारानं बसवून पाहिली तर माझ्या डाव्या कानाला मोठं लागलं अन् उजव्याला लहान. इतकी वर्षं एकाच डोक्यावर दोन नंबरचे कान वागवले, मला माहीत नव्हतं. सून म्हणाली, म्हणून टोपी वाकडी बसते.

रबर नीट बसलं तसा दुकानाबाहेरच्या रस्त्याचा आवाज बराचसा थांबला, पण सगळा नाही. दुकानदार काही बोलला ते मला समजलं. हे मला बरं वाटलं. मग सुनेनं माझ्या फोनात कुठंतरी आत जाऊन आवाजाच्या पट्ट्या वर-खाली केल्या. ढोलकी खाली उतरवली, बायांना थोडं मागं सरकवलं. म्हणाली, लावा आता.

मी लावलं. ढोलकी दूर गेली, जशी विहाराच्या बाहेर कोणी नेऊन वाजवते. बांगड्यावालीनं ओळ संपवली. अन् मग, झांजेच्या पुढं, अगदी जवळ, कोरडा, सूर नसलेला, हुकमाचा आवाज.

"दोनदा."

एवढंच. दोनदा. अन् सगळ्या बायांनी ती ओळ दोनदा म्हटली.

मी कानातलं काढलं नाही. खिशातून रुमाल काढला. दुकानदार तोपर्यंत बाकीचे डबे आवरायला लागला होता, माझ्याकडे त्यानं पाठ केली, चांगला माणूस होता. सुनेनं विचारलंच नाही. तिनं माझं तोंड पाहिलं अन् हेच द्या म्हणाली.

संध्याकाळच्या बसमध्ये आम्हाला दोघांना जागा मिळाली. डाव्या कानात मी घातलं. उजव्या कानात घालून माझा काही फायदा नाही. तो मोकळा ठेवला, वाहक ओरडतो ते त्या कानालाही पुरते. दुसरं टोक लटकत होतं. सुनेनं ते उचललं, आपल्या कानात घातलं अन् माझ्याकडे सरकून बसली. तिची बोंडं पर्समध्येच राहिली. वायर आखूड आहे, दोघांना डोकी जवळ ठेवावी लागतात.

सुरुवातीपासून लावलं. आता ती जिथं तिथं सापडायला लागली. ओळीच्या आधी शब्द, शब्दाच्या आधी श्वास. "हळू." "आता तू थांब, तिले घेऊ दे." "पाणी पे, माय, मंग म्हण." एका ठिकाणी ढोलकीवालीला, "हात दुखला का? नाई? तं मंग वाजव न." सून हसली की तिचं डोकं माझ्या डोक्याला लागायचं. बस कुठं थांबली, कोण चढलं, मी पाहिलं नाही.

मग दोन गाण्यांच्या मधात बाया आपसात बोलायला लागल्या. कोणी पदर सावरते, कोणी खोकलते. त्या दिवशी विहाराच्या मागं दगडाच्या चुलीवर दुधाचं मोठं गंज चढवलेलं होतं, अन् पौर्णिमेची खीर माझ्या हवाली होती. तेवढ्या गलबल्यात बुढीचा आवाज आला. तो बांगड्यावालीसाठी नव्हता, कोणासाठीच नव्हता, दाराकडं तोंड करून ती बोलली असेल.

"खीर लागून राह्यली वाटते. वास येऊन राह्यला. त्या बुढ्याले सांगा कोणी, ढवळ म्हणा, गोठी मंग करजो."

"लागली नव्हती," मी म्हटलं. "दूध उतू गेलं होतं जरासं, त्याचा वास."

कानात घालून बोललं की माणसाला आपला आवाज समजत नाही. पुढच्या सीटवरचे दोघं वळून पाहायला लागले. वाहकानं पाहिलं. मागं मास्तरचं लग्न थांबलं.

सुनेनं ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते, डोळ्यात पाणी होतं. मी तिच्याकडे पाहिलं, म्हटलं ही तरी माझ्या बाजूनं बोलेल.

"मामाजी," ती म्हणाली, "लागली होती. मी खाल्ली होती न."

"तू बी तिच्याच बाजूनं बोल," मी म्हटलं, अन् तेवढाच तुकडा पुन्हा लावला.